हायरूलमधील पवित्र झरे

हायरूलमधील पवित्र झरे : निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या साहसप्रधान व्हिडिओ गेम मालिकेतील कल्पित हायरूल राज्यात असलेली उपासनेची जलस्थाने. आज ही संज्ञा मुख्यतः ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (३ मार्च २०१७) या खेळातील धैर्याचा, शक्तीचा व प्रज्ञेचा झरा या तीन स्थानांसाठी वापरली जाते. तथापि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२००६) आणि ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ (२०११) या खेळांतील झरे वगळून या तिन्हींचा विचार करता येत नाही. परींची कारंजी ही मालिकेतील दुसरी प्रसिद्ध जलस्थाने. त्यांचे कार्य वेगळे असल्याने येथे त्यांचा उल्लेख प्रसंगोपात्त केला आहे.

धैर्याचा झरा दक्षिणेकडील फॅरॉनच्या दाट जंगलात, ड्रॅगनच्या जबड्याच्या आकाराच्या भग्न पाषाणवास्तूच्या आत आहे. शक्तीचा झरा ईशान्येकडील अक्काला प्रदेशात, तर प्रज्ञेचा झरा लानायरू पर्वताच्या हिमाच्छादित माथ्यावर आहे. तिन्ही ठिकाणी उथळ पाण्याच्या टोकाशी देवी हायलियाची मूर्ती असून त्या त्या झऱ्याच्या ड्रॅगनचा खवला अर्पण केल्यावर मूर्तीमागील श्राइनचा (आव्हानांच्या लहान मंदिराचा) मार्ग खुला होतो. डिनराल हा अग्नीचा, नायड्रा हा हिमाचा व फारोश हा विजेचा ड्रॅगन असून त्यांचा संबंध अनुक्रमे शक्ती, प्रज्ञा व धैर्य यांच्याशी आहे. खवला मिळवण्यासाठी आकाशातून जाणाऱ्या ड्रॅगनच्या अंगावर बाण मारावा लागतो. बाण शिंग, नखे किंवा जबडा यांवर लागल्यास खवल्याऐवजी तो तो अवयवांश हाती येतो. नायड्राच्या बाबतीत विधी अधिक कठीण आहे, कारण तो ‘मॅलिस’ या दूषित द्रव्याने ग्रासलेला असतो आणि त्याच्या अंगावरचे मॅलिसचे डोळे बाणांनी फोडून त्याला प्रथम मुक्त करावे लागते.

या झऱ्यांच्या कल्पनेचे मूळ कोठे शोधावे याविषयी मतभेद आहेत. एक मत त्यांचा उगम मालिकेच्या आरंभीच पाहते. १९८६ च्या पहिल्या खेळात परीच्या तळ्याकाठी नायक लिंकची जीवनशक्ती भरून निघत असे, आणि १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’ मध्ये पाण्यात वस्तू टाकून ती अधिक प्रभावी करून घेण्याची सोय होती. पाण्याला काही अर्पण करून मोबदला मिळवण्याचा व्यवहार त्यामुळे निदान १९९१ इतका जुना ठरतो. दुसरे मत जपानी धर्माचाराकडे बोट दाखवते. शिंतो या जपानी धर्मपरंपरेतील ‘मिसोगी’ या जलशुद्धीचा मूलाधार ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) या ग्रंथातील कथेत आहे : मृत्युलोकातून परतलेला इझानागी हा देव नदीत स्नान करतो आणि त्या स्नानातूनच सूर्यदेवता अमातेरासूसह तीन प्रमुख देवता जन्मतात. ड्रॅगनला पाण्याचा व पावसाचा अधिष्ठाता मानण्याची धारणाही जपानमध्ये दृढ असून क्योतोजवळील किफुने हे देवस्थान तिचे ठळक उदाहरण आहे. झरा, ड्रॅगन आणि शुभ्र वस्त्रात पाण्यात उभी राहणारी राजकन्या झेल्डा हे तिन्ही घटक परीच्या तळ्यावरून एकत्र स्पष्ट होत नाहीत. मिसोगीच्या आधारे ते होतात. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र ते थेट लागू करण्याऐवजी ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ च्या मध्यस्थीने लागू करणे इष्ट होय. त्या खेळात झेल्डा स्कायव्ह्यू झरा व पृथ्वी झरा येथे आत्मशुद्धीसाठी जाते, आणि तोच खेळ व ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या दोहोंचे दिग्दर्शन हिदेमारो फुजिबायाशी यांनी केले आहे.

‘स्कायवर्ड स्वोर्ड’ मध्ये पाण्यालाही स्वतंत्र मोल आहे : जखमी जलड्रॅगन फॅरॉनच्या उपचारासाठी लिंकला स्कायव्ह्यू झऱ्याचे पवित्र जल आणावे लागते. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ मधील ऑर्डन, फॅरॉन, एल्डिन व लानायरू हे चार झरे मात्र प्रकाशात्म्यांची निवासस्थाने आहेत. त्यांपैकी तिघांचा प्रकाश हिरावला गेलेला असून तो परत आणण्यासाठी प्रत्येकी १६ प्रकाशाश्रू गोळा करावे लागतात. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ही संख्या १२ करण्यात आली.

नावे कायम राहिली, पण त्यांच्याशी जोडलेली तत्त्वे सरकत गेली, ही बाब काहीशी गुंतागुंतीची आहे. ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ मध्ये फॅरॉन जलाचा, एल्डिन अग्नीचा आणि लानायरू विजेचा ड्रॅगन आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मध्ये वीज फॅरॉन प्रदेशाशी निगडित फारोशकडे आली, आणि लानायरू पर्वतावर विजेच्या जागी हिम आले. यावरून दोन्ही खेळांतील ड्रॅगन एकाच परंपरेतील नाहीत असे अनुमान काही चाहते काढतात. परंतु डिनराल, नायड्रा व फारोश ही नावे १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ मधील डिन, नायरू व फारोरे या तीन सृष्टिदेवतांवरून आलेली दिसतात. प्रादेशिक ड्रॅगनांचा वारसा त्यांना फक्त अंशतः लाभला आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

झऱ्यांचा काळ निश्चित करणेही अवघड आहे. निन्टेन्डोने ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मालिकेच्या कालक्रमात सर्वांत शेवटी ठेवला, पण अनेक शाखांत विभागलेल्या या कालक्रमात तो कोणत्या शाखेचा हे सांगितलेले नाही. धैर्याच्या झऱ्याभोवतीचे अवशेष झोनाई या हायरूलमधील प्राचीन लोकांचे असल्याने ते स्थान बरेच प्राचीन असावे. झोनाई शिल्पांत ड्रॅगन हे धैर्याचे चिन्ह मानले जात असल्यास वास्तूचा आकार व झऱ्याचे नाव यांचा मेळ बसतो. इतर दोन झऱ्यांच्या बांधणीवरून काळाविषयी फारसे अनुमान करता येत नाही.

कथेच्या दृष्टीने या झऱ्यांचे वैशिष्ट्य असे की झेल्डाला ते काहीच देत नाहीत. गॅनन या मालिकेतील दुष्ट शत्रूला रोखणारी दैवी शक्ती जागृत करण्यासाठी तिने बालपणापासून प्रार्थना केली. शक्तीच्या झऱ्यावरील स्मृतिदृश्यात ती पाण्यात उभी राहून, आजीला ऐकू येणारे आवाज आपल्याला का ऐकू येत नाहीत, आपल्यात काय उणे आहे, असे देवीच्या मूर्तीला विचारते. लिंक त्या वेळी पाठमोरा पहारा देत असतो. लानायरू पर्वतावर सतरा वर्षांखालील कोणासही प्रवेश नसल्याने ती सतराव्या वाढदिवशी तेथे जाते, पण तेथूनही रिकाम्या हातांनी परतते, आणि त्याच दिवशी गॅननचे संकट कोसळते. तिची शक्ती जागी होते ती अखेर रणभूमीवर, मरणोन्मुख लिंकला वाचवताना. आधीच्या खेळांत झऱ्याकडे गेलेल्याला शुद्धी, संदेश किंवा उपचार लाभत असे. येथे तीच जागा अनुत्तरित प्रार्थनेची ठरते, आणि या संकल्पनेतील सर्वांत मोठे स्थित्यंतर हेच होय. खेळाडूला मात्र त्याच मूर्ती प्रतिसाद देतात. शक्तीच्या झऱ्यावर तर श्राइन उघडल्यानंतरही आत एक कठीण लढत असते, जे त्या नावाला साजेसे आहे.

‘टीअर्स ऑफ द किंगडम’ (१२ मे २०२३) या पुढील खेळात झरे त्याच ठिकाणी आहेत, पण विधी बदलला आहे. विस्मृत मंदिरातील मातृदेवीची मूर्ती लिंकला तिन्ही झऱ्यांच्या मूर्तींकडे पाठवते. तेथे खवल्याऐवजी त्या त्या ड्रॅगनचे नख अर्पण करावे लागते, आणि ते पूर्ण झाल्यावर मातृदेवी त्याला आकाशाची शुभ्र तलवार देते. या खेळात प्रकाश-ड्रॅगन हा चौथा ड्रॅगनही आहे. तो म्हणजे रूप पालटलेली झेल्डाच असून त्याच्या नावे कोणताही झरा नाही.