भट्टीत परत गेलेलं लोखंड

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, टनाला किती वीज लागते असं विचारलं, तर साधारण 600 ते 650 युनिट हे उत्तर मिळेल. आकडा बरोबर असतो, पण तो भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा. गिऱ्हाईक पैसे देतं ते ट्रकमध्ये चढलेल्या चांगल्या कास्टिंगचे, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या वस्तूंचे.

समजा, ओतलेल्या धातूपैकी 65 टक्के कास्टिंगमध्ये गेला आणि उरलेला रनर-रायझरमध्ये (रनर म्हणजे धातू साच्यात नेणारी वाट, रायझर म्हणजे गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा). कास्टिंगपैकी 8 टक्के रिजेक्ट झाली. म्हणजे 100 टन चांगला माल काढायला 167 टन लोखंड वितळवावं लागतं. टनाला 620 युनिट धरले, तर विकलेल्या टनामागे सुमारे 1,037 युनिट खर्च झाले. यील्ड, म्हणजे ओतलेल्यापैकी कास्टिंगमध्ये गेलेला वाटा, 70 टक्क्यांवर आणि रिजेक्शन 4 टक्क्यांवर आणलं, तर 149 टन पुरतात आणि हाच आकडा 923 वर येतो. युनिटला 9 रुपये धरले तर 100 टनांमागे लाखभर रुपये वाचले, तेही भट्टीला हात न लावता.

हे नुकसान लवकर का दिसत नाही? फाउंड्रीत वाया गेलेलं काही फेकलं जात नाही. रायझर परत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, फुटकं कास्टिंगही परत चार्जमध्ये. ‘लोखंड कुठं जातंय?’ असं म्हणत सगळे निर्धास्त राहतात. लोखंड खरंच कुठं जात नाही. त्यावर झालेली वीज, वाळू, कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) आणि मजुरी मात्र गेलेली असते. दर वेळी वितळताना थोडा धातू ऑक्सिडेशनने स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जातो, तो वेगळा.

यील्ड वाढवायचं म्हणजे रायझर कापून लहान करायचा, इतकं ते सोपं नाही. ग्रे आयर्न, म्हणजे नेहमीचं ओतीव लोखंड, गोठताना त्यातलं ग्रॅफाइट फुलतं आणि आकुंचन बरंचसं भरून काढतं. म्हणून खरं तर लहान रायझर पुरायला हवा. पण वाळूचा साचा मऊ ठोकला असेल, तर फुलणारा धातू साच्याच्या भिंती बाहेर ढकलतो. कास्टिंग फुगतं, वजन वाढतं आणि आत श्रिंकेजची, म्हणजे आकुंचनाची, पोकळी राहते. मग सुपरवायझर रायझर मोठा करतो! औषध एका दुखण्याचं, दुखणं दुसरंच. आधी साच्याचा कडकपणा हार्डनेस टेस्टरने मोजावा, वरून आणि बाजूने दोन्हीकडे, आणि मगच रायझरला हात लावावा.

ब्लोहोलचंही, म्हणजे वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणाऱ्या छिद्रांचंही, तसंच. ओल्या वाळूतलं पाणी तापून वाफ होतं, तेव्हा त्याचं आकारमान उकळबिंदूलाच सुमारे 1,600 पट होतं. ती वाफ वाळूतून बाहेर पडली नाही, तर धातूत शिरते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या या ओल्या वाळूत, ओलावा साधारण 3 ते 4 टक्के हवा. पण नुसता ओलावा पाहून भागत नाही. बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) किती, बारीक धूळ किती, यावर पाण्याची गरज बदलते. म्हणून कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे वाळू दाबल्यावर किती बसते ते, दर तासाला मोजणं जास्त उपयोगाचं. नॉकआउटहून, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून, आलेली वाळू 45-50 अंशांहून गरम असेल, तर मिक्सरमध्ये मोजलेलं पाणी मोल्डिंगपर्यंत उडून जातं. कडा ढासळतात, वाळू धातूत पडते. कामगार म्हणतो ‘वाळू कोरडी आहे’, आणखी पाणी मारतो, की पुढच्या लॉटला ब्लोहोल.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात यात भर पडते. नवी वाळू आणि स्क्रॅप उघड्यावर असतं. ओल्या वाळूने हिशेब चुकतो, ओल्या स्क्रॅपने जीव जाऊ शकतो: वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं, तर भट्टी उसळते. पत्र्याची शेड ही चैन नव्हे.

भट्टीपाशीही गळती आहेच. लोखंड 1,500 अंशांपर्यंत न्यायला सैद्धांतिकदृष्ट्या टनाला 390-400 युनिट पुरतात. उरलेली वीज भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी, आतलं अस्तर (लायनिंग) आणि उघडं तोंड खातं. अर्धा मीटर व्यासाच्या उघड्या तोंडातून नुसत्या प्रारणाने 35 ते 55 किलोवॅट सहज जातात, म्हणून झाकण हवं. साचे तयार नसताना धातू धरून ठेवणं तर आणखी महाग. लॅडल, म्हणजे धातू नेण्याचं ओतपात्र, थंड असेल, तर तापमान पडेल म्हणून धातू जास्त तापवला जातो. दर 50 अंशांना टनामागे 15-20 युनिट. लॅडल बर्नरने आधी लाल करून घेतली, की ही सवय आपोआप सुटते.

टोयोटाचे तैइची ओनो यांनी सांगितलेल्या सात प्रकारच्या नासाडीत वाट पाहणं आणि सदोष माल हे दोन्ही येतात. इथे पहिल्यातून दुसरा जन्मतो: साच्याची वाट पाहत थंडावलेला धातू कास्टिंगच्या पातळ भिंतीत नीट पोचत नाही आणि कोल्ड शट येतो, म्हणजे धातूचे प्रवाह एकजीव न झाल्याचा दोष.

सुरुवात कुठून करायची, हे रिजेक्शनचं रजिस्टर सांगतं, मात्र ते नीट भरलं पाहिजे. ‘आज 40 खराब’ या नोंदीचा उपयोग शून्य. पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना), दोष, शिफ्ट, हीट नंबर (भट्टीच्या घाण्याचा क्रमांक) असे चार रकाने हवेत. महिनाभरात बहुतेक वेळा दोन-तीन पॅटर्नच बरंचसं नुकसान करताना सापडतात. मशीन शॉपमधून परत आलेला मालही त्यातच धरावा, कारण त्यावर मशिनिंगचा खर्चही चढलेला असतो. शेजारी महिन्याचे मीटरवरचे एकूण युनिट भागिले रवाना झालेले टन, एवढा एकच आकडा लिहावा.