इच्छामरणाला विरोध आणि विहिरीतला पाव

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरणाला (बरं होण्याची आशा नसलेल्या रोग्याचे जगवत ठेवणारे उपचार थांबवण्याला) आणि लिव्हिंग विलला (असे उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली. त्यानंतर महिनाभरात आम्ही काही जणांनी ठाण्यात चरईतल्या एका हॉलमध्ये इच्छामरणाच्या विरोधात सभा घेतली. एक फादर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच मागून आवाज आला, "फादर, हे तुमच्या चर्चमध्ये सांगा." त्यांच्यानंतर एका निवृत्त हिंदू नर्सबाईंनी जवळजवळ तेच मुद्दे मांडले. ते लोकांनी शांतपणे ऐकले, प्रश्नही विचारले.

झग्याकडे बघून कान बंद करायची ही सवय आजकालची नाही. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं जिंकलं, तोवर इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या राज्यात देवळं पाडली गेली, सक्तीची धर्मांतरं झाली. हे खरं आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते नाकारू नये. पण त्यातून उरली ती विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट आणि आमच्या माथी बसलेला 'पाववाले' हा शब्द. आमच्या घरात बोलतात ती मराठीच, ओव्या मराठी, लग्नातली गाणी मराठी. तरी २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून धमकीचे फोन आले. २०१५ च्या मार्चमध्ये नवीन पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर रात्री दगडफेक झाली होती. फादर किंवा सिस्टर आजाऱ्याच्या खाटेशी बसली की ती बाटवायलाच आली, हा संशयही त्याच विहिरीतला.

या संशयापायी चर्चचं म्हणणं काय आहे, ते ऐकलंच जात नाही. रोग्याला नळ्या लावून कसंही करून जगवत ठेवा, असं चर्च सांगत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं होतं की असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन रोग्यावर नाही. वेदना शमवणारं औषध द्यावं, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. विरोध आहे तो मुद्दाम जीव घेण्याला. या विरोधाला धार आली ती जर्मनीत. नाझी राजवट मनोरुग्णांना आणि अपंगांना 'दयामृत्यू'च्या नावाखाली मारत होती. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ते प्रवचनातून उघडपणे मांडलं. त्याच महिन्यात ती मोहीम अधिकृतपणे थांबवण्यात आली. तोवर ७०,००० हून अधिक माणसं मारली गेली होती आणि पुढेही छुप्या हत्या सुरूच राहिल्या. त्या प्रवचनाच्या प्रती वाटणाऱ्यांपैकी ल्युबेकच्या तीन तरुण धर्मगुरूंचा १९४३ मध्ये शिरच्छेद झाला.

आपल्याकडे इच्छामरणाच्या बाजूची चळवळही मुंबईतलीच. मिनू मसानींनी १९८१ मध्ये त्यासाठी संस्था काढली. विनोबा भावे आपल्या शेजारच्या गागोद्याचे, त्यांनी १९८२ मध्ये अन्नपाणी सोडून देह ठेवला. तो दाखलाही मराठी माणूस या वादात हमखास देतो.

पण महाराष्ट्रात सर्वांत ठाम विरोध केला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यापासून तिथे पडून होत्या. त्यांच्यासाठी दयामरणाची याचिका झाली, तेव्हा त्यांना भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या या बायांनी साफ नकार दिला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळताना त्यांच्या म्हणण्याला वजन दिलं. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती. या परिचारिकांना कुणी 'हे तुमच्या चर्चमध्ये सांगा' म्हणालं नाही.

मला स्वतःला या कामात ओढलं ते आईच्या कॅन्सरने. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन हे वेदनाशामक मिळणं मुश्किल झालं होतं. २०१४ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत किती रोगी तळमळत गेले असतील! आईच्या गोळ्यांसाठी मी ठाण्याहून मुंबईला खेपा घालायचो. गोळ्या मिळेपर्यंत ती "मला मारून टाका रे" म्हणत होती. डोस बसला त्या दिवशी दुपारी उठून बसली आणि बोंबलाचं कालवण मागितलं.