वर्किंग लाइनच्या पिल्लांचं लवकर न्यूटरिंग

पिल्लू वयात यायच्या आधीच ऑपरेशन करून नराचे अंडकोष किंवा मादीचे बीजांडकोश (बहुतेकदा गर्भाशयासकट) काढून टाकणं म्हणजे लवकर न्यूटरिंग. मादीच्या ऑपरेशनला स्पेइंग म्हणतात, पण बोलताना दोन्हीला सरसकट न्यूटरिंगच म्हटलं जातं. नेहमीचं वय ६ महिन्यांच्या आसपास धरतात, लवकर म्हणजे ६ ते १६ आठवडे. ही पद्धत रुजली ती शेल्टरमधून, कारण तिथून पिल्लू बाहेर गेलं की मालक पुढे ऑपरेशन करेलच याची खात्री नसते. तिथे हा हिशोब बरोबरच आहे. गडबड होते ती तोच हिशोब वर्किंग लाइनला लावला की.

वर्किंग लाइन म्हणजे दिसण्यासाठी नाही तर कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेली कुत्री: पोलिसांसाठी जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉय, मेंढ्या वळवायला बॉर्डर कॉली, शिकारीसाठी आणि वास काढायला लॅब्राडॉर वगैरे. अशा ब्रीडरकडे एका वेतात ८-९ पिल्लं झाली तर त्यातली २-३ कामाला जातात आणि बाकीची घरगुती कुत्री म्हणून, मग आपल्या लाइनमधून कुणी भलतंसलतं ब्रीडिंग करू नये म्हणून काही ब्रीडर ८ आठवड्यांतच ऑपरेशन उरकून पिल्लू देतात. भीती खोटी नाही. पण किंमत पिल्लू भरतं.

ऑपरेशन स्वतः तसं सोपं असतं. एवढ्याशा पिल्लाच्या पोटात चरबी जवळजवळ नसते, रक्तवाहिन्या बारीक असतात, रक्तस्राव कमी, आणि पिल्लू काही तासांत शेपूट हलवत खायला मागतं. काळजी दोन गोष्टींची: रक्तातली साखर आणि ऊब. मोठ्या कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर खाली येते, म्हणून २-४ तासच उपाशी ठेवतात, आणि टेबलावर अंग पटकन गार पडतं म्हणून खाली गरम पॅड, पोटाकडचे केस गरजेपुरतेच काढायचे, शुद्धीवर आलं की लगेच थोडं खायला.

खरा प्रश्न नंतरचा आहे आणि तो हाडांचा आहे. वाढत्या पिल्लाच्या पायाचा एक्स-रे पाहिला तर हाडाच्या टोकाजवळ एक काळी रेघ दिसते, जणू हाड तिथे चिरलंय. ती ग्रोथ प्लेट, कूर्चेची पट्टी, हाडाची लांबी तिथून वाढते. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या पट्ट्या बंद करायला लावतात. हार्मोन्सच नसतील तर पट्टी उशिरा बंद होते आणि हाड जास्त लांब होतं. १९९१ मध्ये ७ आठवडे आणि ७ महिने अशा दोन वयांत ऑपरेशन केलेल्या कुत्र्यांची तुलना न केलेल्यांशी झाली तेव्हा दोन्ही गटांत पट्ट्या उशिरा बंद झाल्याचं दिसलं. म्हणूनच लवकर ऑपरेशन झालेला शेफर्ड लांब पायांचा, अरुंद छातीचा, काहीसा कोवळाच राहिल्यासारखा दिसतो. दिसण्याचं सोडा, प्रत्येक हाडाच्या पट्ट्या आपापल्या वेळी बंद होतात, त्यामुळे सगळी हाडं सारखी वाढत नाहीत आणि सांध्यातले कोन बदलू शकतात, आणि पुन्हा पुन्हा ताण पडणाऱ्या सांध्याला हे परवडत नाही. आयजीपी या कामाच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत कुत्रा १ मीटरचा अडथळा आणि १.८ मीटरची उतरती भिंत तोंडात डंबेल धरून पार करतो, आणि सराव धरला तर हे आयुष्यात शेकडो वेळा होतं.

आकडे बघायचे तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हार्ट आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा जर्मन शेफर्डवरचा अभ्यास बघावा. ऑपरेशन न झालेल्या नरांमध्ये सांध्यांचे आजार ७ टक्के, पहिल्या वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये २१ टक्के. माद्यांमध्ये ५ विरुद्ध १६. शिवाय वर्षाच्या आत स्पे झालेल्या माद्यांपैकी ७ टक्क्यांना लघवी न थांबण्याचा त्रास, न झालेल्यांमध्ये एकीलाही नाही. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, हे आकडे एका वर्षाच्या आतल्या सगळ्या ऑपरेशनचे आहेत, ८ आठवड्यांचे वेगळे नाहीत, आणि लोक ते तसेच ८ आठवड्यांवर चिकटवतात. जातीप्रमाणेही फरक पडतो, लहान जातींत सांध्यांचा धोका फारसा वाढलेला दिसत नाही.

दुसरी बाजूही आहे. मादीला न काढलेल्या गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत १० वर्षांपर्यंत साधारण चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना तो झाल्याचं दिसलं. पहिल्या हीटच्या (माजावर येण्याच्या) आधी स्पे केल्यास स्तनाच्या गाठी फार कमी होतात असं १९६९ पासून सांगतात, पण २०१२ च्या एका आढाव्यात त्यामागचा पुरावा कच्चा निघाला.

वागणुकीबद्दल बरेच गैरसमज आहेत. ऑपरेशननंतर नर भटकणं आणि जिथे तिथे मुतणं कमी करतो हे खरं, पण बॉलमागे वेडं होणं किंवा वासावर चिकटून राहणं हे टेस्टोस्टेरॉनवर चालत नाही, ते रक्तात आणि ट्रेनिंगमध्ये असतं.

आणि ब्रीडरचा तोटा, ज्यावर माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं: ८ आठवड्यांचं पिल्लू मोठेपणी काय निघेल हे कुणालाच कळत नाही. लहानपणीच्या स्वभावाच्या टेस्टमध्ये सगळ्यात सुस्त वाटलेलं पिल्लू दीड वर्षाने वेतातलं सगळ्यात पक्कं कुत्रं निघू शकतं. अमेरिकेतल्या ओएफए या कुत्र्यांचे सांधे तपासणाऱ्या संस्थेचं हिपचं (खुब्याच्या सांध्याचं) कायमचं सर्टिफिकेट २४ महिन्यांनंतरच मिळतं. तोपर्यंत दार बंद केलेलं असेल तर चांगल्या हिपचं, चांगल्या डोक्याचं रक्त तिथेच संपतं, आणि वर्किंग लाइनमध्ये असं रक्त आधीच थोडं असतं.

म्हणून मधले रस्ते वापरतात. पिल्लं नको पण हार्मोन्स हवेत तर नराची व्हॅसेक्टॉमी (नसबंदी), मादीचं फक्त गर्भाशय काढणं (गर्भाशयमुखासकट पूर्ण काढावं लागतं, नाहीतर उरलेल्या तुकड्यात पू होऊ शकतो, आणि हीट चालूच राहते). नरासाठी कातडीखाली हार्मोन्स तात्पुरते दाबणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट टोचतात. सुप्रेलोरिन या नावाने ते ६ आणि १२ महिन्यांचं मिळतं, पण सुरुवातीचे काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, तेव्हा नर शांत व्हायच्या ऐवजी आणखी बेफाम झाला की मालक घाबरून फोन करतात.