घरी टोचायची सुई: एमएसच्या इंजेक्शनमागची पार्श्वभूमी आणि विदर्भातलं खेडं

विदर्भातल्या खेड्यांत सुईवर लोकांचा भारी विश्वास. ताप असो की अंगदुखी, डॉक्टरने नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर "सुई नाही देत का?" हा प्रश्न ठरलेला. जुन्या माणसांना कंपाउंडरची काचेची सिरिंज आणि ती उकळायचा स्टीलचा डबा अजून आठवतो. त्या सुईने ताप उतरायचा, दुखणं थांबायचं, म्हणून ती खरी मानली गेली.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा, अधूनमधून अटॅक येणारा आजार. त्याच्या रुग्णाला घरच्या घरी टोचून घ्यावी लागणारी सुई या अनुभवात कुठेच बसत नाही. ती घेतल्यावर आराम पडत नाही. उलट जागा लाल होते, खाजते, गाठ येते. वर्षभर नेमाने घेतली तरी अंगात काही फरक जाणवेलच असं नाही, कारण पुढचे अटॅक कमी व्हावेत एवढंच तिचं काम. खेड्यातला रुग्ण हे औषध मध्येच सोडतो त्याला पैसा कारण असतोच, पण माझ्या मते हा अपेक्षाभंगही तेवढाच कारणीभूत असतो. रुग्णाच्या हाती सूचनांचा कागद दिला जातो, त्या सूचना आल्या कुठून हे कुणी सांगत नाही. ते सांगितलं तर त्या पाळल्या जातील, असं मला मनापासून वाटतं.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तां शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. मग एका डोळ्याला अंधुक दिसतं, पाय जड पडतो, हाताला मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा जातो. काही आठवड्यांनी बरंच भरून येतं आणि पुन्हा कधीतरी नवा अटॅक येतो. आपल्याकडे हे "अंगावरून वारं गेलं" किंवा बाहेरचं काही, म्हणून निघून जातं. बरं वाटलं की नागपूरला जाऊन एमआरआय काढायचं राहून जातं.

अटॅक आल्यावर दवाखान्यात जी सुई मिळते ती वेगळी. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, साधारण रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस सलाईनमधून. डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने नजर लवकर परत आली, पण वर्षाखेरीस नजरेत फारसा फरक उरला नाही. नुसत्या कमी मात्रेच्या गोळ्या घेतलेल्यांना तर पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे ही सुई अटॅक लवकर ओसरवते, आजाराची चाल बदलत नाही. रुग्णाला मात्र हीच खरी वाटते, कारण तिने आराम पडतो. मग जरा पाय जड वाटला की गावातल्या डॉक्टरकडून स्टिरॉइड घेण्याची सवय लागते. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि दबलेला क्षयरोग डोकं वर काढू शकतो. विदर्भात हा शेवटचा धोका किरकोळ समजू नये.

अटॅक कमी करणारं पहिलं औषध यायला 1993 उजाडलं. इंटरफेरॉन या शरीरातल्या प्रथिनाचा शोध आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी 1957 मध्ये लंडनमध्ये लावला होता, तो विषाणूंच्या संदर्भात. त्यातला बीटा-1बी हा प्रकार 372 रुग्णांवर तपासला गेला आणि अटॅक सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हा दिवसाआड कातडीखाली टोचायचा. टोचल्यावर काही तासांनी ताप, कणकण, अंगदुखी. म्हणून संध्याकाळी घ्या आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, ही सूचना आली. यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी. मन खचतं, काहींना नैराश्य येतं. घरच्यांनी ते आळस समजून बोल लावू नये, डॉक्टरांना सांगावं.

दुसरं औषध ग्लॅटिरामर ॲसिटेट. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत 1960 च्या दशकात मायकेल सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टायटेलबाउम प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार मुद्दाम निर्माण करू पाहत होते, अभ्यासासाठी. त्यासाठी चार अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची साखळी प्रयोगशाळेत तयार केली. तिने आजार निर्माण व्हायच्या ऐवजी तो दबला. तिथून मान्यता मिळेपर्यंत जवळपास तीस वर्षं गेली. 1987 मध्ये 50 रुग्णांची छोटी चाचणी, 1995 मध्ये 251 रुग्णांची मोठी, तीत अटॅक 29 टक्क्यांनी कमी. 1996 च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी रोज 20 मिलिग्रॅम, आणि 2014 पासून आठवड्यातून तीनदा 40 मिलिग्रॅम असाही पर्याय, दोन सुयांमध्ये किमान 48 तास ठेवून.

29 टक्के हा आकडा रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा. "ही सुई बरं करणार नाही, पण दहा अटॅक यायचे तिथे साधारण सात येतील" असं सरळ सांगितलं, तर माणूस तिच्याकडून भलतं काही मागत नाही.

या औषधाची एक प्रतिक्रिया चाचण्यांपासूनच माहीत होती. टोचल्याबरोबर चेहरा लाल होतो, छाती आवळते, धडधड होते, श्वास कोंडतो आणि जीव घाबरतो. बहुतेकदा 15 ते 30 मिनिटांत आपोआप निवतं. त्यामुळे वर्षानुवर्षं रुग्णांना "घाबरू नका, बसून राहा" असं सांगितलं गेलं. मग 2025 च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. 1996 पासून जगभरात जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची 82 प्रकरणं नोंदली गेली होती आणि त्यांत 6 मृत्यू होते. औषध लाखो डोसांत वापरलं गेलंय, तेव्हा धोका विरळाच. पण काही रुग्णांना ही ॲलर्जी औषध सुरू करून वर्ष उलटल्यावर आली, ही त्यातली ध्यानात ठेवायची गोष्ट. आपोआप निवणारी प्रतिक्रिया आणि ही ॲलर्जी, दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. म्हणून आता सूचना अशी: त्रास वाढत गेला, अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-घसा सुजला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली किंवा त्रास लवकर ओसरला नाही, तर वाट पाहायची नाही. 108 ला फोन करायचा आणि पुढची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पहिली सुई दवाखान्यातच, आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. शेतावर एकटं असताना तर टोचूच नये. तालुक्याचा दवाखाना तासाभरावर असलेल्या गावात सुईची वेळ घरात माणूस असेल अशीच ठरवावी.

जागा बदलण्याचा नियमही असाच रुग्णांच्या कातडीने शिकवला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथली चरबी झडून खड्डा पडतो, तो सहसा भरत नाही. क्वचित कातडी मरते. म्हणून दंडांची मागची बाजू, मांड्या, कंबरेखालचा भाग, पोट अशा जागा ठरवून एक जागा आठवडाभर तरी पुन्हा घ्यायची नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाईचं कॅलेंडर मी पाहिलंय. कृषी सेवा केंद्राने वाटलेलं, त्यावर तारखेखाली पेनाने "डा. मां.", "उ. दं." असं लिहिलेलं. कापूस वेचताना पोटाला ओटी बांधावी लागते, तेव्हा वेचणीच्या दिवसांत ती पोटावर टोचत नाही. निंदणात उकिडवं बसून मांडी दुखते, म्हणून तेव्हा दंड. दंडाला हात पुरत नाही, तिथे तिची जाऊ टोचून देते. फ्रीजमधून काढून वीस मिनिटं ठेवायची, साबणाने हात धुवायचे, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ टोचायची, नंतर कापूस दाबायचा पण चोळायचं नाही. जाऊबाईंना हे सगळं तोंडपाठ आहे.

साठवणुकीचा नियम मात्र थंड मुलखात लिहिलेला आहे आणि तो इथे जसाच्या तसा चालत नाही. ग्लॅटिरामर 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. गरज पडली तर "खोलीच्या तापमानाला" महिनाभर चालतं, पण ती खोली 15 ते 30 अंशांची. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, तिथे घराच्या कुठल्या कोपऱ्यात 30 अंश मिळणार? माठाजवळच्या गारव्याचा भरवसा धरता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज इतर औषधांसाठी वापरायचा नाही असा दंडक आहे, आणि लसींसाठी तो योग्यच आहे. मग उरतो शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा फ्रीज. तिथे डबा बर्फाच्या कप्प्यापासून लांब, मधल्या फळीवर. दारात नको. लाइन गेली तर दार उघडायचं नाही. नागपूरहून आणताना सिरिंज बर्फाला थेट टेकू द्यायची नाही. गोठून वितळलेली सिरिंज दिसायला चांगलीच दिसते, पण ती टाकूनच द्यायची.

उन्हाचा दुसरा घोळ म्हणजे आजारच उन्हात वाढल्यासारखा वाटतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्येच पाहिलं होतं की अंग तापलं की या रुग्णांची नजर तात्पुरती अंधुकते. अंग गार झालं की ती पूर्ववत होते. हा नवा अटॅक नसतो. त्यासाठी सुई वाढवायची नाही आणि स्टिरॉइडही घ्यायचं नाही. त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला तर दवाखाना गाठायचा.

खेड्यातल्या बाईला सुई जमणार नाही, असं कुणी म्हटलं की मला गडचिरोली आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांतल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिनची सुई देणं त्यातच आलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यात नोंदलं होतं. शिकवलं, सोबत राहिलं, तपासत राहिलं, म्हणून ते झालं. एमएसच्या रुग्णाला दवाखान्यात घाईघाईत एकदा दाखवून घरी पाठवतात, तिथे यातलं काहीच होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब घेतली. ग्लॅटिरामर हैदराबादची नॅटको कंपनी बनवते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. रिटुक्सिमॅब किंवा एमएसवरचंच महिन्याला टोचायचं ओफाटुमुमॅब सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू या औषधांनी उसळतो. तपासणीचा कागद फाइलला लावून घ्यावा.

राहता राहिल्या वापरलेल्या सुया. त्या उकिरड्यावर, नालीत किंवा चुलीत टाकायच्या नाहीत. टोपण परत न लावता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा, आणि पाऊण भरला की झाकण पक्कं चिकटवून आरोग्य केंद्रात द्यायचा. टोचणाऱ्या वस्तूंचा कचरा तिथे वेगळा जमा होतो. घेत नसतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारायचं.