डॅनिश रॉकची सुरुवात : 'हिप' आणि त्यानंतर

साठच्या दशकात डेन्मार्कमधल्या बीट संगीताला (बीटल्सच्या वळणाच्या गिटार-ड्रमच्या संगीताला) 'पिगट्रॉड' म्हणत, म्हणजे काटेरी तार. ही काटेरी मंडळी गात मात्र इंग्रजीत. डॅनिश भाषा उरली होती हलक्याफुलक्या गाण्यांना.

यामागे फॅशन होती, तशी भाषेची खरी अडचणही होती. डॅनिशमध्ये 'स्टॉड' नावाचा प्रकार आहे : उच्चार करताना गळ्यात आवाज क्षणभर अडतो. 'हुन' म्हणजे ती. तेच अडवून म्हटलं की कुत्रा. सूर लांबवला की ही अडवणूक टिकत नाही, मग अर्थ संदर्भावर सोडावा लागतो. त्यात शब्दांची शेपटं बोलताना गिळली जातात. गाताना ती स्पष्ट उच्चारली तर गाणं चर्चमधल्या स्तोत्रासारखं वाटतं आणि गिळली तर ओळ तालात तोकडी पडते.

यातून वाट काढली कोपनहेगनच्या 'स्टेपेउल्वने' या बँडनं. नाव हर्मन हेसे या जर्मन लेखकाच्या 'स्टेपनवुल्फ' कादंबरीवरून घेतलेलं. (अमेरिकेतला 'स्टेपनवुल्फ' हा बँडही त्याच पुस्तकावरून नाव घेऊन उभा राहिला, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.) गीतं गायक आइक स्कालोची, चाली गिटारवादक स्टिग मोलरच्या. १९६७ मध्ये आलेली 'हिप' ही संपूर्णपणे डॅनिश भाषेतली पहिली रॉक एलपी (मोठी तबकडी) मानली जाते. स्कालो सूर लांबवायच्या भानगडीत फारसा पडलाच नाही. बॉब डिलनच्या वळणानं तो अर्धं बोलत, अर्धं गात राहिला, आणि शब्द घेतले ते रस्त्यावरचे नि चरस ओढणाऱ्यांच्या अड्ड्यांवरचे. 'इत्सी-बित्सी' हे गाणं इबेन नागेल रासमुसेनसाठी लिहिलेलं. ती पुढे डेन्मार्कमधल्या ओडिन थिएटर या नाट्यसंस्थेची नावाजलेली अभिनेत्री झाली.

'हिप'चा खप बेताचाच झाला. बँड लवकरच मोडला, स्कालो पूर्वेकडे निघाला आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये पंजाबात, फिरोजपूरजवळच्या सीमेलगत त्याचा मृत्यू झाला. वय २५. २००६ मध्ये डेन्मार्क सरकारनं देशाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून निवडलेल्या कलाकृतींच्या यादीत 'हिप'चा समावेश झाला.

घरोघरी डॅनिश रॉक पोचवला तो 'गॅसोलिन' या बँडनं. १९६९ मध्ये कोपनहेगनच्या क्रिस्चियन्सहाउन भागात किम लार्सन, फ्रान्स बेकरली आणि विली यॉन्सन एकत्र आले. यांचीही सुरुवात इंग्रजीतच. १९७१ च्या पहिल्या एलपीपासून ते डॅनिशकडे वळले. ड्रमवर तोवर सोरेन बेर्लेव आला होता. स्कालोचे शब्द समजायला त्याच्या वर्तुळातलं असावं लागे, लार्सनचे शब्द कुणालाही कळत. माझ्या मते खरा फरक इथेच पडला.

परदेशासाठी त्यांनी इंग्रजी तबकड्याही काढल्या, पण चालल्या नाहीत. पूल, गल्ल्या, शेजारपाजार यांवर उभी असलेली गाणी भाषांतरात पोकळ झाली. १९७८ मध्ये बँड फुटला. लार्सननं नंतर अमेरिकेत जाऊन पुन्हा इंग्रजीत नशीब आजमावलं; तेही जमलं नाही. परतल्यावर, १९८३ मध्ये आलेला 'मिट ओम नॅटन' हा त्याचा डॅनिश अल्बम देशात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला.