खिशात मावणारं पिस्तूल आणि त्यामागची दोनशे वर्षं

अमेरिकेतल्या शस्त्रांच्या दुकानात जाऊन कुणी "खिशात राहील असं छोटं पिस्तूल दाखवा" म्हटलं, की काउंटरवर चार-पाच नग मांडले जातात. मूठ पॉलिमरची, कडा गोल केलेल्या, वजन मोबाइलच्या आसपास. ही पिस्तुलं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. पण त्यांतल्या बऱ्याच पिस्तुलांत जे .३८० चं (ही मापं इंचातली) काडतूस भरलं जातं ते १९०८ सालचं आहे, आणि .३२ चं तर त्याहूनही नऊ वर्षं जुनं.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने ग्रीन कार्ड हातात आल्यावर मला विचारलं होतं, "मामा, .३८० घेऊ की ९ मि.मी.?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न आज असा का विचारला जातो हे समजल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. त्यामुळे आधी पार्श्वभूमी.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. आज अमेरिकेत लपवून शस्त्र बाळगणं हा प्रतिष्ठित नागरिकाचा हक्क मानला जातो. दोनशे वर्षांपूर्वी तिथलीच समजूत बरोबर उलट होती. ज्याच्या मनात पाप नाही तो शस्त्र कमरेला उघडं लावेल. खिशात, अस्तनीत दडवेल तो दगाबाज. या भावनेतून केंटकी राज्याने १८१३ मध्ये कायदा करून खिशातली पिस्तुलं, खंजीर, मोठे सुरे आणि गुप्ती लपवून बाळगायला बंदी केली. लुइझियानानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. पुढे केंटकीत गुप्ती बाळगल्याबद्दल एका माणसाला १०० डॉलर दंड झाला, तो वरच्या न्यायालयात गेला आणि १८२२ मध्ये न्यायालयाने तो कायदाच राज्यघटनेविरुद्ध ठरवला. तेव्हा केंटकीने १८५० च्या नव्या राज्यघटनेत लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्टपणे देऊन टाकला. १८९७ मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ओघाने म्हटलं, की लपवलेल्या शस्त्रांवरच्या बंदीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा भंग होत नाही.

कायदे असे असले तरी खिशातल्या पिस्तुलाला गिऱ्हाईक कधी कमी नव्हतं. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर तळहातात मावेल असं जाड नळीचं एकबारी पिस्तूल बनवायचा. ते इतकं खपलं की नकला करणाऱ्यांनी त्याच्या नावात एक 'आर' जास्तीचा घातला, आणि आज कोशात सामान्यनाम म्हणून तेच चुकीचं स्पेलिंग आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने लिंकनवर गोळी झाडली ती डेरिंजरच्याच पिस्तुलाने. एकच बार होता, तो उडाला. लिंकनशेजारी बसलेला मेजर रॅथबोन अंगावर धावून आला तेव्हा बूथला सुरा काढावा लागला. ते पिस्तूल आजही त्या नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

"पहिला बार वाया गेला तर?" हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक कारागिराला पडलेला दिसतो. कोल्ट कंपनीने १८४९ मध्ये .३१ मापाचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याचे तीन लाखांहून अधिक नग विकले. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचं .२२ चं रिव्हॉल्व्हर आणलं. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी वेगवेगळी भरण्याचा व्याप त्यामुळे संपला. रेमिंग्टनने १८६६ मध्ये एकावर एक अशा दोन नळ्या बसवल्या आणि ते डिझाइन १९३५ पर्यंत चालवलं. यांतली काही शस्त्रं फारच अशक्त होती, पण घ्यायला परवडत होती, आणि बहुतेकांच्या हिशेबात तेवढंच पुरेसं होतं.

मग युटा राज्यातल्या ऑग्डेनचा, बंदुकांची रचना करणारा जॉन मोझेस ब्राउनिंग आला. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त वेळ त्याच्याजवळ रेंगाळावंसं वाटतं, कारण आजच्या दुकानदाराच्या काउंटरवर अजून त्याचंच राज्य आहे. अमेरिकी कारखान्यांकडे रिव्हॉल्व्हरचा धंदा जोरात होता, म्हणून त्याचं छोटं स्वयंचलित पिस्तूल आधी बेल्जियमच्या लिएझमधल्या एफएन कारखान्यात बनलं. त्यासाठी १८९९ मध्ये .३२ चं काडतूस आलं. १९०५ मध्ये .२५ आणि १९०८ मध्ये .३८०. कोल्टने १९०३ मध्ये त्याचं .३२ चं पिस्तूल आणलं. त्याचा घोडा स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) आत झाकलेला होता, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकायला बाहेर काहीच नाही. १९०८ चं .२५ चं कोल्ट तर नावानेच वेस्टकोटाच्या खिशाचं: साखळीचं घड्याळ जिथे राहायचं, तिथे हे राहावं.

या पिस्तुलांची रचना साधी होती आणि तिच्या साधेपणातच पुढच्या शंभर वर्षांच्या मर्यादा होत्या. गोळी सुटते तेव्हा मागे ढकलणाऱ्या जोराला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण अडवतो, दुसरी कडी-कुलुपं नसतात. काडतूस जितकं जोरकस, तितकी स्लाइड जड आणि स्प्रिंग कडक हवी. .३८० पर्यंत हे जमतं. ९ मि.मी. पॅराबेलमपर्यंत (भाच्याच्या प्रश्नातलं ९ मि.मी. ते हेच) गेलं की पिस्तूल खिशात राहत नाही. गंमत अशी, की .३८० आणि ९ मि.मी. यांच्या गोळीचा व्यास सारखाच आहे. पुंगळी एकीची १७ मि.मी., दुसरीची १९. पण आतल्या दाबाची अमेरिकी कमाल मर्यादा एकीला २१,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि दुसरीला ३५,०००. त्या दोन मिलिमीटरच्या फरकात भाच्याचा अख्खा प्रश्न मावतो.

इथे एक पाऊल आपल्याकडे वळावंच लागतं. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले, पण 'ब्राउनिंग' हे नाव महाराष्ट्राला कळलं ते नाशिकमुळे. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली आणि इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीनने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली. त्यांतल्याच एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हाती परवान्याशिवाय शस्त्र राहिलेलं नव्हतं. त्या काळात वीस पिस्तुलं चोरकप्प्यातून येऊ शकली ती त्यांचा आकार तेवढा होता म्हणून. पाच वर्षांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारून पहिल्या महायुद्धाची ठिणगी टाकणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात एफएनचं १९१० चं मॉडेल होतं, .३८० मापाचं. आणि ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या त्या इटालियन बेरेटातून, त्याही याच .३८० मापाच्या. हे काडतूस 'हलकं' आहे असं आज जाहिरातीत आणि गप्पांत सर्रास म्हटलं जातं. ते ऐकताना मला बिर्ला हाउसची हिरवळ आठवते, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

अमेरिकेत मात्र याच सुमाराला पिस्तुलाचा खिसा कायद्याने शिवून टाकायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा करून लपवता येईल असं कोणतंही शस्त्र परवान्याखाली आणलं, आणि परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवलं. इतर अनेक राज्यांतही परवाना मर्जीचाच राहिला. पोलिस आणि गुप्तहेर यांच्यासाठी आखूड नळीची रिव्हॉल्व्हर निघत राहिली: कोल्टचं १९२७ चं, स्मिथ अँड वेसनचं १९५० चं पाच गोळ्यांचं. हे दुसरं घराणं आजही जिवंत आहे. चाप लांब आणि जड, घोडा झाकलेला, बिघडायला फार काही नाही. खिशासाठी निवड करताना कित्येक जुने जाणकार अजून त्यालाच पहिलं मत देतात.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर झालेल्या कायद्याने परदेशातून येणाऱ्या लहान पिस्तुलांना दार बंद केलं. उंची किमान चार इंच हवी हा नियम वाल्थर या जर्मन कंपनीच्या पीपीके पिस्तुलाला अगदी थोडक्यात पाळता येईना, म्हणून कंपनीने मोठ्या मॉडेलच्या सांगाड्यावर छोटी स्लाइड चढवून खास अमेरिकेसाठी नवीन मॉडेल बनवलं. देशात बनवण्यावर मात्र बंदी नव्हती. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्त .२५ पिस्तुलांचे कारखाने उभे राहिले आणि छोट्या पिस्तुलाची अब्रू पुढची दोन दशकं रसातळाला गेली.

पारडं फिरलं फ्लोरिडात, १९८७ मध्ये. अर्जदार निकषांत बसत असेल तर परवाना द्यावाच लागेल, अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाही, असा कायदा तिथे झाला आणि एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. टेक्सासची हकीकत यांत सर्वांत बोलकी आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या एका कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना ठार केलं. सुझॅना हप यांचे आई-वडील त्यात गेले. त्यांचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते पर्समध्ये ठेवणं तेव्हा टेक्सासात बेकायदा होतं. त्या ठिकठिकाणी साक्षी देत फिरल्या. १९९५ मध्ये टेक्सासने लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना दिला आणि पुढच्याच वर्षी त्या विधिमंडळात निवडून आल्या. उघडं पिस्तूल कमरेला लावायची मुभा टेक्सासात त्यानंतर थेट २०१६ मध्ये आली. म्हणजे वीस वर्षं लपवलेलं चालत होतं, दिसलेलं नाही. १८१३ च्या केंटकीवाल्यांना हे सांगून पटलं नसतं.

परवानाधारकांची संख्या वाढत असतानाच १९९४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नव्या मॅगझिनवर (गोळ्या भरायच्या खोक्यावर) दहा गोळ्यांची मर्यादा घातली. ती २००४ पर्यंत राहिली. पंधरा गोळ्यांचं मोठं पिस्तूल घेऊन दहाच भरायच्या, तर मग मोठं का बाळगायचं? गिऱ्हाइकाने असा हिशेब केला आणि कारखाने लहान पिस्तुलांकडे वळले.

ब्राउनिंगच्या मर्यादेवर तोड काढली ती स्वीडनहून आलेल्या जॉर्ज केलग्रेनने. १९९९ मध्ये त्याच्या केल-टेक कंपनीने .३२ चं पिस्तूल काढलं. त्यात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड काही क्षण एकमेकांत अडकून राहतात आणि मग नळी तिरकी होऊन सुटी होते. ही युक्ती मोठ्या पिस्तुलांत पूर्वीपासून होती, एवढ्या लहानात ती कुणी फारशी वापरली नव्हती. स्लाइडला जड राहायचं कारण उरलं नाही, सांगाडा पॉलिमरचा झाला, आणि वजन आलं १९० ग्रॅमच्याही आत. २००३ मध्ये त्यांनी त्याच बांध्यात .३८० बसवलं. २००८ मध्ये रूगर कंपनीने तशाच घाटाचं एलसीपी हे पिस्तूल आणलं, सुमारे २६५ ग्रॅमचं. त्यावर लोकांची अक्षरशः झुंबड उडाली. त्याच वर्षी, पडल्यावर आपोआप बार उडू शकतो हे लक्षात आल्याने कंपनीने सुरुवातीचे नग दुरुस्तीसाठी परत मागवले. खिशात वागवायच्या वस्तूसाठी ही बाब छोटी नव्हे. सेकंडहँड एलसीपी घेणाऱ्याने नगाचा क्रमांक आजही तपासून घ्यावा.

हलकेपणाची किंमत हातालाच मोजावी लागते. तेवढ्याच गोळीचा धक्का निम्म्या वजनाच्या पिस्तुलात दुप्पट जाणवतो, मुठीवर दोनच बोटं बसतात आणि नळी आखूड म्हणून वेग कमी. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर गोळीच्या चाचण्या बसवल्या. शरीराच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि कमाल १८ इंच शिरावी, हा त्यांतला निकष. आखूड नळीतून सुटणाऱ्या .३८० च्या अनेक फुलणाऱ्या (लागल्यावर पसरणाऱ्या) गोळ्या तिथे कमी पडतात. यातूनच ९ मि.मी. लहान करण्याची शर्यत लागली. २०१२ ते २०१५ दरम्यान एकेरी रांगेच्या मॅगझिनची पातळ पिस्तुलं आली आणि २०१८ मध्ये सिग कंपनीने पी३६५ या पिस्तुलात जवळपास तेवढ्याच जागेत दहा गोळ्या बसवल्या. वजन साधारण अर्धा किलो. पॅंटच्या पुढच्या खिशात ते राहतं का? जाड जीन्समध्ये कसंबसं, सुती पॅंटमध्ये नाही. .३८० म्हणूनच टिकून आहे.

भारताशी याचा संबंध दुरून येतो. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याखाली ९ मि.मी. सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून परवानाधारकाची मजल बहुधा .३२ पर्यंत. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून काढलेलं निर्भीक हेही .३२ चंच, सुमारे ५०० ग्रॅमचं आणि तेव्हा सव्वा लाखाच्या घरातलं. (रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही काडतुसं मात्र वेगळी.)

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण ती दुकानात जाईपर्यंत पुष्कळांना माहीत नसते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर तिथे बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. आज २९ राज्यांत परवान्याशिवाय लपवून बाळगता येतं, टेक्सासात २०२१ पासून. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न्यूयॉर्कची मर्जीची पद्धतही मोडीत काढली. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही. टेक्सासचा परवाना खिशात ठेवून न्यू जर्सीतल्या आतेभावाकडे पिस्तुलासह जाणारा माणूस तिथे गुन्हेगार ठरतो.

भाच्याने शेवटी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन पन्नास-पन्नास गोळ्या झाडल्या. .३८० च्या पिस्तुलाने त्याच्या अंगठ्याचं मूळ लाल केलं, ९ मि.मी. त्याच्या खिशातून डोकावत राहिलं. चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) त्याने आधी विकत घेतलं. त्या खिशात आता किल्ल्या, सुटे पैसे काहीच ठेवायचं नाही, हेही त्याला समजलंय. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून बोटाच्या ठशाने उघडणारी पेटीही आली. पिस्तूल अजून घ्यायचं आहे.