पार्श्वभूमी: अमेरिकेतली छोटी फिजिओथेरपी क्लिनिकं आणि एका व्याख्येचं ओझं

अमेरिकेतल्या आरोग्यसुधारणांची चर्चा २०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्याभोवती फिरते. त्या कायद्यामुळे २०१४ पासून वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या विम्यात पुनर्वसन सेवा आवश्यक लाभांमध्ये आल्या, हे खरंच. पण एक-दोन फिजिओंच्या बळावर चालणाऱ्या क्लिनिकसाठी त्याहून मोठा घाव १९९७ चा होता आणि त्याचं मूळ आणखी मागे, १९७२ मध्ये आहे.

स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या फिजिओला मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, १९७२ च्या कायदा-दुरुस्तीने दार उघडलं, तेही वर्षाला पेशंटमागे १०० डॉलरपुरतं. ही मर्यादा १९९४ मध्ये ९०० वर पोचली. त्याच १९७२ च्या दुरुस्तीत वाचा-उपचारही (स्पीच थेरपी) आले. त्यांच्यासाठी वेगळं कलम लिहिण्याऐवजी ‘बाह्यरुग्ण फिजिओथेरपी’च्या व्याख्येतच त्यांना बसवलं गेलं. तेव्हा ते कुणाला खटकलं नसावं.

१९९७ मध्ये अर्थसंकल्प समतोल करण्याच्या नावाखाली मेडिकेअरच्या थेरपी-खर्चावर पेशंटमागे वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा आली आणि १९९९ पासून ती लागू झाली. ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेल्या उपचारांना) स्वतंत्र १,५०० मिळाले. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांना मात्र दोघांत मिळून १,५००. कायद्यात एक स्वल्पविराम राहून गेला म्हणून असं झालं, ही गोष्ट या व्यवसायात वर्षानुवर्षं सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. मर्यादा ज्या व्याख्येला लावली, तिच्या पोटात वाचा-उपचार १९७२ पासूनच होते. स्वल्पविरामाने ते बाहेर आले नसते.

पक्षाघाताचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. उजवी बाजू लुळी, शब्द जुळत नाहीत, घोट घेताना ठसका लागतो. चालायला शिकवणारा फिजिओ आणि बोलायला-गिळायला शिकवणारा थेरपिस्ट, दोघांचं बिल एकाच पाकिटातून. एका भेटीचे १०० डॉलर धरले तर दोघांत मिळून १५ भेटी, आणि वर्ष संपलं. पेशंटने चालणं निवडायचं की बोलणं? त्यातून हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागाला ही मर्यादा लागूच नव्हती. पाकीट रिकामं झालं की पेशंट छोटं क्लिनिक सोडून हॉस्पिटलची वाट धरायचा. हॉस्पिटलं या मर्यादेत आली ती थेट ऑक्टोबर २०१२ मध्ये. वैद्यकीय गरज पेशंटची आणि नियम मात्र पत्त्यावर ठरणार, याचं समर्थन कसं करायचं ते मला आजही कळत नाही.

पुढे धरसोड सुरू झाली. २००० पासून स्थगिती, २००३ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर मर्यादा परत, मग पुन्हा स्थगिती. २००६ मध्ये ती १,७४० डॉलरवर परतली, पण अपवादाची सोय घेऊन: उपचार खरोखर गरजेचे असतील तर क्लेमवर ‘केएक्स’ हा संकेत लावायचा आणि तशी नोंद फाइलमध्ये ठेवायची. हा अपवादही मुदतीचाच होता. २०१० च्या सुरुवातीला तो संपून गेला आणि मार्चमध्ये मागल्या तारखेपासून पुन्हा लागू झाला. मोठ्या संस्था असे दोन-तीन महिने निभावून नेतात. छोट्या क्लिनिकमध्ये तेवढ्या काळात पगार आणि भाडं दोन्ही डोक्यावर येतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मर्यादा कायमची रद्द झाली. वीस वर्षांच्या लढ्याचा विजय म्हणून त्याचं स्वागत झालं आणि ते रास्तच होतं. पण त्याच कायद्यात दुसरं कलम होतं: सहायक फिजिओने दिलेल्या सेवेला १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच पैसे देणार. सेवेचा १० टक्क्यांहून जास्त भाग सहायकाने केला की ही कपात लागू होते. मर्यादा उठवण्याची किंमत अशी सहायकांच्या भरवशावर चालणाऱ्या क्लिनिककडूनच वसूल झाली. शिवाय २०२१ पासून डॉक्टरांच्या तपासणीचे दर वाढवताना एकूण खर्च तेवढाच ठेवायचा होता, म्हणून थेरपीचे दर खाली आले.

कोविडकाळापासूनची व्हिडिओवरून देखरेखीची सवलत सोडली, तर २०२४ च्या अखेरपर्यंत खाजगी क्लिनिकमध्ये सहायक काम करत असताना फिजिओ त्याच जागेत हजर असणं बंधनकारक होतं. एकटा फिजिओ तापाने घरी राहिला की सहायक दारात उभा असूनही मेडिकेअरच्या पेशंटांना फोन करून भेटी रद्द कराव्या लागत. हॉस्पिटलांना ही अट नव्हती. २०२५ पासून ती खाजगी क्लिनिकलाही शिथिल झाली, पण ८५ टक्क्यांचं कलम तसंच राहिलं.

मर्यादा गेली तरी ‘केएक्स’ लावण्याचा उंबरठा, म्हणजे ज्या रकमेपुढे तो संकेत लावावाच लागतो ती रक्कम, उरलाच. २०२५ साठी तो २,४१० डॉलर होता, आणि फिजिओथेरपी व वाचा-उपचार यांचा अजूनही एकत्रच मोजला जातो.